‘बाहेरच थांबा’ म्हणणाऱ्या तांडेलकाकांना

आदरणीय तांडेलकाका,
सप्रेम नमस्कार.

तुम्हाला मी पाहिलेलं नाही. रेडिओवरचा आवाज तेवढा ओळखीचा, आणि त्या आवाजावरूनच ‘काका’ म्हणतोय. तुमच्या ट्रॉलरचं नाव लक्षात आहे, पण तुम्हाला न विचारता ते चारचौघांत घेणं बरं नाही. म्हणून हे पत्र उघडंच लिहितो. फिरत फिरत पोचेल तुमच्यापर्यंत.

दोघांची छोटी होडी, मागे आउटबोर्ड इंजिन, हातात गळ. दिवसभर समुद्र अगदी शहाण्यासारखा वागला होता. अंदाजात लाटांची उंची एक मीटर आणि दोन लाटांमधलं अंतर बारा सेकंद दिलं होतं. खोल पाण्यात अशी लाट लागतसुद्धा नाही; दोन शेंड्यांमध्ये सव्वादोनशे मीटरच्या आसपास अंतर असतं, होडी नुसती वरखाली होते. तीच एक मीटर उंची पाच सेकंदांनी आली, तर हे अंतर चाळीस मीटरही भरत नाही आणि हाडं खिळखिळी होतात. त्यामुळे बारा सेकंद वाचून आम्ही खूश होतो.

परतताना खाडीच्या तोंडाशी मात्र फुटणाऱ्या लाटांची आडवी पांढरी पट्टी दिसली. तेव्हाच तुम्ही रेडिओच्या सोळा नंबरवर, म्हणजे सगळ्यांच्या हाक मारायच्या चॅनेलवर, हाक मारलीत, लगेच दुसऱ्या चॅनेलवर नेलंत आणि म्हणालात, “आत घुसू नका. बाहेरच थांबा. पाणी फिरू दे.”

आणि कारणही सांगितलंत, त्याचे आभार मला जास्त मानायचे आहेत. नुसतं ‘थांबा’ ऐकून माणूस पंधरा मिनिटं थांबतो. कारण कळलं की अंधार पडेपर्यंत थांबतो.

अमावास्येचं उधाण, त्यामुळे ओहोटी जोरात बाहेर धावत होती. वारा समुद्राकडून आत. दोन्ही समोरासमोर भिडले की लाटा आखूड आणि उभ्या होतात. त्यात ती आमची लाडकी बारा सेकंदांची लाट: दांड्यावरच्या, म्हणजे खाडीच्या तोंडाशी साचलेल्या वाळूच्या बांधावरच्या, उथळ पाण्यात तिचा वेग कमी होतो, मागचं पाणी पुढच्यावर चढतं, उंची वाढते आणि ती फुटते. साधारण लाटेच्या उंचीच्या सव्वापटीइतकंच पाणी खाली उरलं की फुटलीच म्हणायची. लांब लाट बाहेर सुखाची आणि तोंडाशी घातकी, हे मला कोणत्याही तक्त्यात इतकं स्पष्ट दिसलं नव्हतं.

“ओहोटी संपली की येतो,” असं मी म्हणालो, तर तुम्ही तेही अडवलंत. ओहोटी संपते तेव्हा ओढ थांबते खरी, पण दांड्यावर पाणी सगळ्यात कमी असतं. भरती लागून पाणी चांगलं चढू दे, मग वारा आणि प्रवाह एकाच दिशेने होतात. असा हिशेब सांगणारा माणूस मिळणं हे नशीबच.

थांबायचं कसं, तेही तुम्हीच सांगितलंत. नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, लाटेकडे, इंजिन सुकाणू ऐकेल इतपतच चालू. नांगर टाकावा लागला तर नाळेवरूनच. मागून टाकलेला नांगर मागची बाजू खाली ओढतो. तिथेच इंजिनाचं वजन, तिथेच काठ सगळ्यात बुटका. दोन लाटा आत आल्या की होडी भरली. “जॅकेट अंगात आहे का?” हा तुमचा प्रश्न ऐकून मित्र हसला होता, कारण त्याचं जॅकेट पट्ट्यांसकट अंगातच होतं. मग तुम्ही किल कॉर्डचं विचारलंत. ती लाल गुंडाळीची दोरी माझ्या मांडीला अडकवलेली होती. ती खेचली गेली की इंजिन बंद पडतं. नाहीतर चालवणारा पाण्यात आणि होडी त्याच्याभोवतीच गिरक्या घेतेय, असं होतं.

तुम्ही आमच्याकडून किनाऱ्यावर निरोपही पोचवलात, म्हणजे घरचे उगाच धावाधाव करणार नाहीत. आमचा हातातला रेडिओ पाच वॅटचा, अँटेना पाण्यापासून हातभर वर. आमचा आवाज तिथपर्यंत गेलाच नसता. तुमचा उंच डोलकाठीवरून गेला.

भरती चढल्यावर पट्टी तुटली, मध्येच काळं पाणी दिसू लागलं. तुम्ही सांगितल्याप्रमाणे एका लाटेच्या पाठीवर बसून आत आलो: तिचा शेंडा ओलांडायचा नाही आणि मागची लाट गाठू द्यायची नाही. हात थ्रॉटलवरून हलला नाही. सगळं मिळून काही मिनिटांचं काम. मित्राने तेवढ्यात एकही शब्द काढला नाही, ही त्याच्या बाबतीत नोंद करण्यासारखी गोष्ट.

आता अंदाज पाहताना उंचीशेजारचे सेकंद, वाऱ्याची दिशा आणि ओहोटीची वेळ एकाच कागदावर लिहून घेतो. अंदाजातली उंची म्हणजे सगळ्यात मोठ्या एक-तृतीयांश लाटांची सरासरी असते, एखादी लाट दुप्पटही येऊ शकते, तेही आता सोबत येणाऱ्यांना आधीच सांगून ठेवतो. इंधनाचे तीन भाग: जायला, यायला आणि तुमच्यासारख्या कुणी थांबवलं तर थांबायला.

एक विचारायचं राहिलं. समुद्री नांगर, तो कापडी छत्रीसारखा, घेतला आहे. त्याची दोरी किती लांब सोडायची यावर आम्हा दोघांचं एकमत होत नाही. मित्र म्हणतो होडीच्या पाचपट, मी म्हणतो त्याहून बरीच जास्त. तुम्ही कधी सोळा नंबरवर दिसलात, तर दुसऱ्या चॅनेलवर येऊन तेवढं सांगा.

आपला आभारी,
बाहेर थांबलेल्या होडीवरचा