थकीत देयके कोणत्या वहीत असतात?

संपादक महोदय,

कंत्राटदारांच्या थकीत देयकांच्या बातम्या अधूनमधून वाचतो. प्रत्येक बातमीत आकडा वेगळा. संघटना एक सांगते, खाते दुसराच. जिल्हा परिषदांच्या लेखा विभागात उमेदीची वर्षे सरल्यामुळे मला त्याचे नवल वाटत नाही. हा आकडा नेमका सापडावा अशी जागाच आपल्या सरकारी हिशेबात नाही.

सरकारचा हिशेब रोखीचा. पैसे गेले तरच खर्च. काम झाले, मोजमाप पुस्तिकेत नोंद झाली, देयक लेखा शाखेच्या टेबलावर आले, तरी ते अदा होईपर्यंत वहीच्या लेखी काही घडलेलेच नसते. मार्चअखेरच्या रात्री निधी संपला की उरलेली देयके आम्ही रबर लावून कपाटात ठेवायचो आणि वर पेन्सिलीने ‘एप्रिल’ लिहायचो. पेन्सिलीने, कारण कुठला एप्रिल ते ठरलेले नसायचे. एका गठ्ठ्याने तीन एप्रिल पाहिले. त्या तिन्ही वर्षांचे वार्षिक लेखे पैशापैशाने जुळले होते आणि लेखापरीक्षणात गठ्ठ्याबद्दल अवाक्षर नव्हते. आक्षेप तरी कोण घेणार? आम्ही काही लपवले नव्हते, दाखवायला रकानाच नव्हता.

राज्याच्या पातळीवर हाच गठ्ठा मोठा होतो. देणे पुढच्या वर्षात ढकलले की यंदाची तूट तेवढी कमी दिसते. वित्त लेख्यांत, म्हणजे राज्याच्या वार्षिक हिशेबात, सरकारने दिलेल्या हमी छापतात, अपूर्ण भांडवली कामांची यादीही जोडतात. पण न दिलेले देयक खर्चात धरत नाहीत. देणे उभे राहिले त्याच दिवशी नोंदवायची उपार्जित पद्धत आणा, असे बाराव्या वित्त आयोगाने २००४ मध्येच सुचवले होते. सरकारी लेखा मानकांसाठीचे सल्लागार मंडळ तर त्याआधी, २००२ मध्ये स्थापन झाले. नगरपालिकांत ही पद्धत आली म्हणतात. मी जवळून पाहिलेल्या एका पालिकेत रोजची रोकड वही जुनीच होती. वर्ष सरल्यावर बाहेरचे सनदी लेखापाल येत, तिच्यावरून ताळेबंद करून देत आणि तो कपाटात जाई.

हे विचारायचे कोणी? सरकारी खर्चाचा हिशेब तपासणाऱ्या, संसदेच्या आणि विधिमंडळाच्या लोकलेखा समितीने. संसदेच्या समितीत २२ सदस्य असतात, १५ लोकसभेचे आणि ७ राज्यसभेचे. मंत्री तिचा सदस्य होऊ शकत नाही, आणि १९६७ मध्ये मिनू मसानींपासून अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे देण्याची प्रथा आहे. रचना उत्तमच. पण समिती मुख्यतः कॅगच्या, म्हणजे देशाच्या महालेखापरीक्षकांच्या, अहवालांवर चालते, आणि ते सभागृहात कधी मांडावेत याची मुदत राज्यघटनेच्या अनुच्छेद १५१ मध्ये नाही. आपल्याकडे बहुधा अधिवेशनाचा शेवटचा दिवस उजाडतो. मग साक्षी होतात तेव्हा समोरचे सचिव त्या काळी त्या खात्यात नसतातच.

जिल्हा परिषदांची तपासणी विधिमंडळाची पंचायत राज समिती करते. एका दौऱ्यात लेखापरीक्षण अहवालातल्या नऊ वर्षांपूर्वीच्या परिच्छेदावर प्रश्न आला. संबंधित अधिकारी निवृत्त, एक तर वारलेले. त्या काळातला म्हणून मागच्या रांगेत, मांडीवर गठ्ठा घेऊन बसलेला मीच काय तो उरलो होतो. मला कोणी विचारले नाही.

हिशेबाची पद्धत बदलायला वर्षे लागतील. तोवर राज्याच्या लोकलेखा समितीने एवढेच मागवावे: ३१ मार्चला मोजमाप पुस्तिकेत नोंदलेली पण अदा न झालेली देयके, विभागवार, तारखेसह. कागदपत्रे मागवण्याचा अधिकार तिला आहेच. नवे सॉफ्टवेअरही नको. आमच्याकडे देयकांच्या आवक नोंदवहीत शेवटचा रकाना धनादेश क्रमांकाचा असे. तो जिथे कोरा आहे, तेवढ्या ओळींची बेरीज करायची.

– एक निवृत्त लेखा कर्मचारी, पुणे