विज्या, कंपनीनं माझा शो मागितलाय

प्रिय विज्या,

आधी शिवी देऊन टाक, मग वाच. दिवाळीत तुझा फोन आला तेव्हा मी जतच्या पुढं कुणाच्या तरी विहिरीवर होतो. नंतर करतो म्हटलं आणि राहिलंच. आईचा गुडघा आहे तसाच. माझी शुगर काठावर आलीय, चहा बिनसाखरेचा झाला. संपली तब्येत.

आता मुद्दा. बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "पगार वाढतोय ना? मग तोंड का पाडलंय?" ऑफिसात बोलायची सोय नाही. दाद्याला सांगावं तर डब्ल्यूडब्ल्यूईचा कुस्तीपटू झॅक रायडर कोण, हे समजावण्यातच रात्र जायची. राहिलास तू.

माझे ठिबकचे व्हिडिओ तू बघतोस की नुसता अंगठा दाखवतोस, देव जाणे. 'चोकअप' नावानं टाकतो ते. मी आणि सावळजचे आप्पा. मी लॅटरल, म्हणजे ठिबकची नळी, हातात धरून शहाणपण शिकवायचं आणि आप्पांनी द्राक्षाच्या ओळीतून मुंडकं बाहेर काढून माझी लाज काढायची. स्क्रिप्ट वगैरे काही नसतं. एकदा मी फिल्टरच्या बॅकवॉशवर पाच मिनिटं बोललो आणि शेवटी आप्पा म्हणाले, "सायेब, लाइटच न्हाई, फिल्टरला धुता कशानं?" तो व्हिडिओ तालुकाभर फिरला. खरा चालला तो मात्र ॲसिडवाला. आमच्याकडचं बोअरचं पाणी क्षाराचं, ड्रिपरच्या तोंडावर पांढरा थर बसतो आणि शेतकरी हैराण होऊन नळ्याच बदलतो. मी दाखवलं की आधी एंड कॅप काढून लॅटरल धुऊन घ्या, मग पाण्यात ॲसिड सोडा (ॲसिडात पाणी नव्हे!), रात्रभर मुरू द्या, सकाळी पुन्हा धुवा. नवी नळी घ्यायची गरज बहुतेक वेळा नसतेच. आता मी ज्या कंपनीचा पगार खातो ती विकते काय? नळ्या.

तर पुण्याहून मार्केटिंगचे साहेब आले. माझ्याहून लहान, बूट पांढरे. म्हणाले, तुमचं काम आम्हाला फार आवडलं, आपण हे कंपनीच्या चॅनलवर घेऊ. कॅमेरा कंपनीचा, गाडी कंपनीची, पदात बढती. आणि मग हळूच एकेक बाहेर काढलं. ॲसिडवाला व्हिडिओ 'जरा रिव्ह्यू करू'. आप्पांच्या जागी एजन्सीची एक मुलगी, कारण आप्पा 'ब्रँडला बसत नाहीत'. विज्या, आप्पा त्यांच्या मुलाच्या लग्नातल्या कोटातही बसले नव्हते, ब्रँडला कुठून बसणार!

त्या बुटांकडे बघत असताना माझ्या डोक्यात एकच माणूस होता, रायडर. अर्धी पँट फुल आणि अर्धी हाफ, केस उभे, कपाळाला पट्टी.

2011 आठव. कॉलेजसमोरच्या कॅफेतला कोपऱ्यातला पीसी, दहा मिनिटांच्या एपिसोडला अर्धा तास बफरिंग. गडी डब्ल्यूडब्ल्यूईत पगारावर होता, पण रॉ या त्यांच्या मुख्य टीव्ही शोवर त्याला कुणी विचारत नव्हतं. म्हणून त्यानं फेब्रुवारीपासून यूट्यूबवर दर आठवड्याला स्वतःचा कार्यक्रम सुरू केला, 'झी! ट्रू लाँग आयलंड स्टोरी'. बाप कॅमेऱ्यात, दोस्त बिग ओ कॅमेऱ्यात. कुणी बेल्ट देत नाही म्हणून स्वतःच स्वतःला इंटरनेट चॅम्पियन केलं आणि पट्टाही स्वतःच पैदा केला. त्याच्या कंपनीचे वेबवरचे कार्यक्रम तेव्हा काय कमी होते? पण कंपनीच्या लेखी वेबसाइट म्हणजे अडगळीची खोली. वेलॉसिटी आणि हीट हे दुय्यम शो टीव्हीवरून काढले, टाका 2005 ला वेबसाइटवर. नव्या पोरांचं एनएक्सटी 2010 ला सायफाय वाहिनीवरून गेलं, टाका अमेरिकेपुरतं वेबसाइटवर. त्याचा तो पाचवा सीझन तर तुझा जीव की प्राण. वर्ष उलटलं तरी संपेना आणि शेवटी विजेता न ठरवताच गुंडाळला. वर कुणाचं लक्ष नसायचं म्हणून खाली पोरं वाट्टेल ते करायची, हे तुझं म्हणणं मला आजही पटतं. बाकी तुझा लाडका पहिलवान झिगलर रायडरपेक्षा भारी होता हे तुझं म्हणणं मेल्यावरही पटणार नाही.

पण रायडरचा शो कंपनीनं अडगळीत टाकलेला नव्हता. तो त्यानं कंपनीच्या नाकावर टिच्चून केला होता. म्हणून तर रिंगमध्ये दुसरंच कुणी असताना पब्लिक 'वुई वाँट रायडर' ओरडायचं. डिसेंबरात टीएलसी या मोठ्या शोला त्यानं तुझ्याच झिगलरला पाडून यूएस टायटल घेतलं आणि आपण होस्टेलच्या गच्चीवर त्याची ती वू वू वू आरोळी ठोकत नाचलो. म्हणजे मी नाचलो. तू तोंड वाकडं करून उभा होतास.

पुढचं तुला पाठ आहे, तरी लिहितो. 16 जानेवारीला बेल्ट स्वॅगर नावाच्या पहिलवानाकडे. महिनाही टिकला नाही. केन या दुसऱ्या पहिलवानानं स्टेज फोडून खाली घातला, मग व्हीलचेअरसकट स्टेजवरून ढकलला. ज्या ईव्हवर जीव टाकला तिनं रेसलमेनियाला, म्हणजे वर्षातल्या सगळ्यात मोठ्या शोला, मायामीत सगळ्या जगासमोर नको तिथं लाथ घातली. आणि त्याच 2012 मध्ये तो शो कंपनीच्या चॅनलवर नेऊन ठेवला.

आपलं भांडण नेमकं यावरच. तू म्हणायचास, "बेल्ट तर मिळाला ना! शो नसता तर तोही नव्हता." आणि मेसमध्ये माझ्या ताटातलं उकडलेलं अंडं उचलून म्हणालास, "हे बघ, तुझा पुश संपला." पुश म्हणजे कंपनीनं पहिलवानाला वर चढवणं. मी दोन दिवस बोललो नव्हतो. अंड्यापायी नव्हे रे. त्या शोची सगळी चव 'मला कुणी घेत नाही' यात होती. तोच शो कंपनीच्या घरात आल्यावर गाऱ्हाणं कुणाचं करणार आणि कुणाकडं? माझंही तसंच आहे. 'नवी नळी घेऊ नका' हे वाक्य काढलं तर 'चोकअप'मध्ये उरतं काय? मी आणि फिल्टर.

तू वकिली करशील, म्हणून तुझी बाजूही मीच मांडतो. पहिलवान झेवियर वूड्सचं अपअपडाउनडाउन हे यूट्यूब चॅनल 2015 पासून कंपनीच्याच छताखाली मजेत चाललं. खरंय. पण तिथं गडी व्हिडिओ गेम खेळत होते. गेममध्ये हरलं तर तिकीटविक्री कमी होत नाही. आणि 2020 मध्ये काय झालं? ट्विच, कॅमिओ असल्या साइटवरचे आपापले व्हिडिओचे धंदे बंद करा असं पहिलवानांना वरून फर्मान आलं. झेलिना वेगा अडून बसली, नोव्हेंबरात तिला घरी पाठवलं. पुढच्या वर्षी परत घेतलं म्हणा.

दुसरी बाजू, 2016 ची रेसलमेनिया. मिझ नावाचा पहिलवान शिडीवर चढून लटकत्या बेल्टला कुरवाळत होता, रायडरनं त्याला खाली लोटलं आणि इंटरकॉन्टिनेंटल टायटल काढून घेतलं. बाप रिंगमध्ये आला. तू तेव्हा नुकताच अमेरिकेला गेलेलास. आमच्याकडं सोमवारची सकाळ. तुझा फोन आला आणि आपण दोघंही धड काही बोललो नाही. दुसऱ्याच रात्री मिझच्या बायकोनं, मरीसनं, बापाच्या थोबाडीत मारली आणि बेल्ट मिझकडं. चोवीस तास, विज्या! बापाला बोलावून थोबाडीत! माझ्या व्हिडिओत आई दोनदा चहा घेऊन आलीय, उगाच तेही डोक्यात आलं.

एप्रिल 2020 मध्ये त्याला काढलं तेव्हा 'झॅक रायडर' हे नावसुद्धा कंपनीकडं राहिलं. स्वतःच्या मूळ नावानं, मॅट कार्डोना म्हणून, छोट्या छोट्या हॉलमध्ये हिंडला. पुढच्या वर्षी जीसीडब्ल्यू या छोट्या कुस्ती कंपनीत निक गेजला हरवून बेल्ट घेतला तेव्हा पब्लिकनं रिंगमध्ये कचरा फेकला आणि हा पठ्ठ्या खूश. जुना जोडीदार हॉकिन्सबरोबरचा खेळण्यांचा पॉडकास्ट मात्र त्याच्याच हातात राहिला. मला हेच सारखं दिसतंय. जे त्याचं होतं ते टिकलं. पण त्याला रेसलमेनिया दाखवली कंपनीनंच, हेही खरं. माझ्या घराचा हप्ता कंपनीच भरतेय.

आप्पांना अजून सांगितलेलं नाही. परवा त्यांनी नवीन टोपी घेतली, "व्हिडिओला बरी दिसंल" म्हणाले. मी काय बोलणार?

साहेबांना सांगायचं मी मनात जुळवलंय: नवे भाग तुमच्याकडं, जुने माझ्याकडं, आप्पा राहणार, ॲसिडला हात लावायचा नाही. ते हसतील बहुधा.

तुझं काय? पोरगी मराठी बोलते का, की आजीला फोनवर 'हाय' एवढंच? ग्रीन कार्डचं घोडं पुढं सरकलं का? नवं घर मोठं आहे असं काकू सांगत होत्या, अभिनंदन, फोटो पाठव. आणि न्यू जर्सीत इतकी वर्षं काढून तू लाँग आयलंडला मेरिकमध्ये रायडरच्या गावाची पाटीसुद्धा बघून आला नाहीस, याबद्दल तुला माफी नाही.

एक काम आहे. कराराच्या पानांचे फोटो व्हॉट्सॲपवर टाकलेत. पान चारवर 'सादरकर्ता आणि कार्यक्रमाचे नाव बदलण्याचा अधिकार' असं काहीतरी आहे, त्याच्या खाली मी पेन्सिलीनं रेघ मारलीय. वहिनी ऑफिसात कॉन्ट्रॅक्टच बघतात ना? त्यांना वाचायला दे आणि जे म्हणतील ते मला जसंच्या तसं कळव. मला सोमवारी पुण्याला बोलावलंय, त्याआधी. तू स्वतः वाचू नकोस. तू झिगलरवाला.

तुझा,
सुन्या

ता. क. अंडं अजून बाकी आहे.