शिक्षकांच्या मनावरचा ताण

मा. संपादक,

आमच्या भागातील द्विशिक्षकी शाळांत एक गुरुजी बीएलओच्या (मतदार यादीचे काम पाहणाऱ्या मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याच्या) कामाला गेले, की दुसऱ्याला चारही वर्ग सांभाळून पोषण आहाराच्या तांदळाचा हिशेब ठेवावा लागतो आणि रात्री व्हॉट्सॲप गटावर ‘तात्काळ’ म्हणून येणारे तक्तेही भरावे लागतात. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम २७ नुसार जनगणना, आपत्ती निवारण व निवडणूक एवढीच अशैक्षणिक कामे देता येतात. हे तक्ते पाठवायला मोबाइलची रेंज शोधत गच्चीवर चढणे त्यात कुठेच बसत नाही. मानसिक आरोग्यासाठीची ‘टेली-मानस’ची १४४१६ ही मोफत मदतवाहिनी चांगलीच आहे, पण झोप उडवणारे काम तसेच ठेवून समुपदेशनाचा सल्ला देणे अपुरे ठरते. शाळा सुटल्यावर माहिती मागवणे बंद करावे आणि केंद्राच्या (जवळच्या शाळांच्या गटाच्या) शिक्षण परिषदेत शिक्षकांच्या अडचणींसाठी वेळ राखावा, ही विनंती.

– एक शिक्षिका, कळंब (जि. धाराशिव)