शुक्रवारचा तक्ता आणि रविवारची शर्यत: मित्रास पत्र

धरमपेठ, नागपूर

प्रिय दोस्ता,

तुझा मेसेज शुक्रवारी रात्रीच वाचला होता. पण तुझा प्रश्न दोन ओळींत उत्तर देऊन मोकळं होण्यासारखा नाही, म्हणून आज सवडीनं लिहायला बसलो. "दुसरा सराव संपला, तक्त्यात ही टीम पहिली आली, म्हणजे रविवारी हीच जिंकणार ना बे?" असं तू फॉर्म्युला वनबद्दल विचारलंस. (साधारण क्रम असा: शुक्रवारी दोन सराव, शनिवारी तिसरा सराव आणि सुरुवातीची जागा ठरवणारं क्वालिफाइंग, रविवारी शर्यत. तक्ता म्हणजे सरावात प्रत्येकानं मारलेल्या सर्वांत वेगवान लॅपची, म्हणजे फेरीची, यादी.) माझं मत सरळ सांगतो. त्या तक्त्यातला पहिला नंबर रविवारबद्दल जवळजवळ काहीच सांगत नाही. मात्र त्याच तासाभरात खरी गोष्टही समोर घडून जाते. तेव्हा कॉमेंट्री थंडावलेली असते, आपण जेवायला उठलेलो असतो, आणि ती नजरेतून सुटते.

बहरीन २०२४ आठवून पाहा. त्या वर्षी रमजानमुळे शर्यत शनिवारी ठेवली होती, म्हणून सराव गुरुवारी, २९ फेब्रुवारीला झाला. पहिल्या सरावात सगळ्यांत वर रिकार्डो, तोही आरबी या छोट्या टीमच्या गाडीत. दुसऱ्यात हॅमिल्टन पहिला, रसेल दुसरा, दोघेही मर्सिडीजचे. रेड बुलचा वेरस्टापेन सहावा. त्या रात्री अनेकांनी मर्सिडीज परत आली म्हणून जल्लोष केला असेल. शर्यतीत वेरस्टापेन पोलवरून, म्हणजे पहिल्या जागेवरून, सुटला, शेवटपर्यंत कुणाला पुढे जाऊ दिलं नाही आणि दुसऱ्या आलेल्या पेरेझच्या २२ सेकंद आधी पोचला. रसेल पाचवा, हॅमिल्टन सातवा, रिकार्डो तेरावा. मर्सिडीजला त्या दिवशी इंजिन गरम होण्याचा त्रास होता हे खरं, पण तेवढ्यानं एवढं अंतर पडत नाही.

याचं सगळ्यांत मोठं कारण इंधन. २०१० पासून शर्यतीत मधेच इंधन भरायला बंदी आहे, त्यामुळे रविवारी गाडी पूर्ण शर्यतीचं इंधन घेऊनच सुटते. २०१९ ते २०२५ पर्यंत त्याची मर्यादा ११० किलो होती. ट्रॅकप्रमाणे थोडं कमीजास्त होतं, पण ढोबळ हिशेब असा की दहा किलो वजन वाढलं की लॅपमागे ०.३ सेकंद जातात. आणि सरावात कोण किती इंधन घालून निघालं हे कुणीच सांगत नाही. एखाद्या टीमनं वीस किलो जास्त भरलं तर ०.६ सेकंद तिथेच गेले, आणि कित्येकदा पहिल्या आठ-दहा गाड्या तेवढ्याच अंतरात दाटीवाटीनं बसलेल्या असतात. म्हणजे इंधनाचा अंदाज चुकला की अख्खा तक्ता उलटा वाचला जातो. २००९ मध्ये क्वालिफाइंगनंतर प्रत्येक गाडीचं वजन एफआयए ही नियम ठरवणारी संस्था जाहीर करायची, तेव्हा निदान शर्यतीपुरती वजाबाकी घरबसल्या करता यायची. इंधन भरणं बंद झालं तशी ती यादीही बंद झाली. मला त्याची अजून हळहळ वाटते.

दुसरी लपवलेली गोष्ट म्हणजे इंजिन. वर्षभरात मोजकीच इंजिनं वापरता येतात, म्हणून शुक्रवारी बहुतेक जण ती जपून चालवतात, आणि कोण किती जपतो ते प्रत्येकाचं वेगळं. २०२० च्या इटालियन ग्रां प्रीपासून क्वालिफाइंग आणि शर्यत एकाच इंजिन मोडवर, म्हणजे ताकदीच्या एकाच पातळीवर, करायचं बंधन आलं, पण सरावाला ते लागू नाही.

मग इंधन आणि इंजिन वेगळं ओळखायचं कसं? इथे सेक्टरच्या, म्हणजे ट्रॅकच्या तीन तुकड्यांच्या, वेळा कामी येतात. इंजिन कमी ताकदीवर असेल तर गाडी सरळ रस्त्यावर मागे पडते, वळणांत मात्र बरोबरीनं असते. वजन जास्त असेल तर ती सगळीकडेच जड होते. ब्रेक लवकर मारावा लागतो, वळणात वेग कमी राहतो, बाहेर पडतानाही उशीर होतो. बहरीनचा दुसरा सेक्टर वळणावळणांचा आहे, पहिला आणि तिसरा बराचसा सरळ रस्त्यांचा. एखादी गाडी पहिल्या-तिसऱ्यात हरतेय आणि दुसऱ्यात सगळ्यांत वेगवान आहे असं दिसलं, की मी तिच्या नावापुढे खूण करतो. तिच्याजवळ अजून काहीतरी शिल्लक असण्याचा संभव मोठा. फक्त मागचा विंग (हवेच्या जोरावर गाडी खाली दाबणारा पंख) मोठा लावला असेल तरीही हेच चित्र दिसतं, म्हणून स्पीड ट्रॅपचे, म्हणजे सरळ रस्त्यावर मोजलेल्या वेगाचे, आकडे आणि टीव्हीवरचा विंग दोन्ही पाहायचे.

टायरचं तुला माहीतच आहे. २०११ पासून सगळे पिरेलीचेच, आणि हल्ली लाल सॉफ्ट, पिवळा मीडियम, पांढरा हार्ड. रंग टीव्हीवर दिसतो, पण तो टायर नवा आहे की चार लॅप चाललेला, हे तक्त्यात येत नाही. नवा सॉफ्ट टायर त्याच्या एका चांगल्या लॅपमध्ये जे करतो, ते तिसऱ्या लॅपला करत नाही. कोणाची वेळ कोणत्या टायरवर आणि त्या टायरच्या कितव्या लॅपला लागली, हे लिहिल्याशिवाय दोन वेळा शेजारी ठेवण्यात अर्थ नाही.

आणि रस्ता. आपल्या वर्धा रोडवर मे महिन्यात दुपारी दोनला पाय ठेवून बघ आणि रात्री नऊला पुन्हा ठेव, डांबर तेच असलं तरी दोन वेगळे रस्ते वाटतात. बहरीन, अबू धाबीला पहिला आणि तिसरा सराव उन्हात होतो, क्वालिफाइंग आणि शर्यत दिवे लागल्यावर. म्हणून तिथे दुसऱ्या सरावालाच वजन द्यायचं, तिसऱ्याचे आकडे वाचून सोडून द्यायचे. रस्त्यावर रबर बसत जातं तसा तो रोज वेगवान होतो, हे वेगळंच. आपल्या ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर २०११ ला पहिली शर्यत झाली तेव्हा ट्रॅक नवाकोरा आणि धुळीनं भरलेला होता. पहिल्या सरावात तर कुत्रं ट्रॅकवर आलं आणि सराव थांबवावा लागला. दुसऱ्या सरावात मासाची फेरारी सर्वांत वर होती. शनिवारी रेड बुलच्या फेटेलनं १:२४.१७८ ला पोल घेतली, म्हणजे मासाच्या शुक्रवारच्या वेळेपेक्षा सेकंदाहून जास्त वेगवान, आणि रविवारी जिंकलाही तोच. मासाला ती शर्यत पूर्णही करता आली नाही.

पहिला सराव मी जवळपास सोडूनच देतो. २०२२ पासून ठरावीक सरावांत नवख्या ड्रायव्हरला गाडी द्यावी लागते, २०२५ ला ती संख्या दुप्पट झाली. शिवाय गाडीच्या मागे सेन्सरच्या जाळ्या लावून, अंगावर हिरवा रंग फासून हवा कुठून कशी वाहते ते तपासणं चालू असतं. त्या गाडीच्या वेळेवरून काही ठरवणं मला पटत नाही.

आता मुख्य गोष्टीवर येतो. युरोपातली शर्यत असेल तर शुक्रवारी आपल्याकडे बहुधा साडेआठला दुसरा सराव सुरू होतो. पहिल्या अर्ध्या तासात सगळे हलक्या गाडीनं, सॉफ्ट टायरवर एक झटपट लॅप मारतात. तक्ता तयार होतो तो इथेच. मग नऊच्या पुढे गाड्या जड होऊन निघतात आणि सलग आठ, दहा, बारा लॅप मारतात. हाच लाँग रन. याच वेळी माझी पुतणी मोबाइलवर लाइव्ह टायमिंग लावून बसते, ती आकडे वाचते आणि मी उभ्या वहीत लिहीत जातो. पिटमधून (टायर बदलायच्या जागेतून) बाहेर पडतानाची आणि आत येतानाची लॅप काढून टाकायची. ट्रॅफिकमध्ये अडकून एखादी लॅप एकदम दीड-दोन सेकंदांनी घसरली असेल तर तीही काढायची. उरलेल्या आकड्यांची सरासरी जेवढी महत्त्वाची, तेवढाच त्यांचा उतार महत्त्वाचा.

उतार म्हणजे काय ते समजावतो, कारण माझ्या मते सगळं इथेच आहे. बहरीनची शर्यत ५७ लॅपची. ११० किलो धरले तर लॅपमागे १.९ किलोच्या आसपास इंधन जळतं. तेवढ्यानं गाडी दर लॅपला सुमारे ०.०६ सेकंदांनी वेगवान व्हायला हवी. म्हणजे एखाद्याच्या दहा लॅप अगदी सारख्या वेळेच्या आल्या, तरी त्याचा टायर दर लॅपला ०.०६ गमावतोय, इंधन कमी झाल्यामुळे ते फक्त झाकलं जातंय.

आता समज, एका गाडीचा लाँग रन १:३७.० पासून सुरू झाला आणि दर लॅपला ०.१० वाढत गेला. दुसरीचा १:३७.४ पासून सुरू झाला आणि ०.०३ नं वाढला. पहिल्या दोन-तीन लॅप पाहून कुणीही म्हणेल की पहिली गाडी ०.४ नं वेगवान आहे. पण सातव्या लॅपपासून दुसरी गाडी जास्त वेगानं फिरते, आणि तेराव्या लॅपला एकूण वेळेतही ती पुढे निघून जाते. अठरा लॅपचा स्टिंट (टायरच्या एका संचावरचा टप्पा) धरला तर दुसरीची साडेतीन सेकंदांची बचत. शर्यतीत असे दोन-तीन स्टिंट येतात, म्हणजे पिट स्टॉपची वेळ निवडायची मोकळीक दुसऱ्या गाडीला मिळाली. हे तक्त्यात कुठेही दिसत नाही, आणि हे सापडतं तेव्हा मला शर्यत जिंकल्याइतका आनंद होतो, खरंच सांगतो.

तरी लाँग रनमध्येही इंधन किती हा प्रश्न उरतोच. यावर माझा उपाय एकच, टीमची सवय शिकायची. एक टीम शुक्रवारी साधारण त्याच पद्धतीनं काम करते, शर्यत कुठलीही असो. म्हणून मी एका टीमचा शुक्रवार दुसऱ्या टीमच्या शुक्रवारशी लावण्याआधी तिच्याच मागच्या शुक्रवारांशी लावतो, आणि तिच्या रविवारांशीही. एखादी टीम लाँग रनमध्ये नेहमी थोडी मागे दिसते आणि रविवारी पुढे येते, हे दोन-चार शर्यतींत कळून येतं. मग ती शुक्रवारी बरोबरीत दिसली तर समजायचं की रविवारी ती भारी पडणार. रेड बुलचं पाहा. त्यांच्या इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्सच्या कारखान्यात सेबास्टियन ब्युएमी वर्षानुवर्षं रात्रभर सिम्युलेटरवर (गाडीच्या संगणकी नकलेवर) गाडी चालवत आला आहे, आणि शनिवारी सकाळी ट्रॅकवर सेटअप, म्हणजे गाडीची जुळवणी, बदललेला असतो. क्वालिफाइंग सुरू झालं की सेटअपला हात लावता येत नाही, म्हणून ही एक रात्र फार मोलाची. त्यांचा शुक्रवार वाईट गेला म्हणून त्यांना बाद धरणं मला कधीच योग्य वाटलेलं नाही.

लाँग रन खरं बोलतो याचं चांगलं उदाहरण बहरीन २०२३. दुसऱ्या आणि तिसऱ्या सरावात अलोन्सो पहिला आला. अॅस्टन मार्टिन मधल्या फळीतली टीम, त्यामुळे हलक्या गाडीचा खेळ असेल अशी शंका घेणं साहजिक होतं. क्वालिफाइंगला तो पाचवा आला, तेव्हा शंका खरी ठरली असंही वाटलं असेल. पण त्या गाडीचे लाँग रन सपाट होते, टायर टिकत होते. शर्यतीत दोन रेड बुलनंतर अलोन्सो तिसरा.

सीझनआधीच्या चाचण्यांत हे सगळं आणखी कठीण होतं, कारण तिथे शर्यतच नसते. २०१९ ला बार्सिलोनात फेरारीचा फेटेल १:१६.२२१, मर्सिडीजचा हॅमिल्टन १:१६.२२४. फरक ०.००३ चा, आणि फेरारी पुढे आहे असं बहुतेकांचं मत. मेलबर्नच्या पहिल्या शर्यतीत मर्सिडीजचे बोटास-हॅमिल्टन पहिले दोन, फेरारी चौथी आणि पाचवी. याच्या उलट २००९. डिसेंबर २००८ मध्ये होंडा बाहेर पडली, त्यातून ब्रॉन टीम उभी राहिली. मार्चमध्ये बार्सिलोनात त्यांची पांढरी गाडी सगळ्यांना मागे टाकत होती. प्रायोजक मिळवण्यासाठी हलकी गाडी पळवत असतील असा अनेकांचा संशय. मेलबर्नला त्यांचाच बटन पहिला, बॅरिकेलो दुसरा, आणि त्या वर्षीची ड्रायव्हरचं आणि टीमचं अशी दोन्ही विजेतेपदं त्यांचीच. दोन्ही वेळा लोकांनी वेळा पाहिल्या आणि मनातलं आधीच ठरलेलं त्यांत वाचलं. म्हणून मी वहीत आकडे आधी लिहितो आणि टीमचं नाव नंतर.

एक मात्र लक्षात ठेव. वर दिलेले इंधनाचे आकडे २०२५ पर्यंतच्या नियमांचे आहेत. २०२६ पासून विजेची मोटर १२० वरून ३५० किलोवॅटची झाली, म्हणजे जवळपास अर्धी ताकद बॅटरीतून. कोणी कुठे बॅटरी वापरली आणि कुठे भरून घेतली यावर लॅपची वेळ हलते, त्यामुळे सरळ रस्त्यावरचा वेग पाहून इंजिन ओळखणं पूर्वीइतकं सोपं राहिलं नाही. वळणातल्या वेगावर माझा भरवसा आता आणखी वाढला आहे. ०.०६ चा हिशेबही पुन्हा मांडावा लागणार.

तर असं कर. पुढच्या शुक्रवारी साडेआठला जेवून मोकळा राहा. तू फेरारी आणि मॅक्लारेनच्या लाँग रनची प्रत्येक लॅप लिही, टायरच्या रंगासह. मी मर्सिडीज आणि रेड बुल घेतो. चारही टीम एकदम लिहिणं पुतणीला आणि मला जमत नाही, एक राहूनच जाते. रात्री फोन कर, दोन्ही वह्या एकमेकांशी लावू आणि क्वालिफाइंग सुरू व्हायच्या आधी आपापला अंदाज लिहून ठेवू. काकूंना नमस्कार सांग, आणि दिवाळीला येशील तेव्हा तुझी वही घेऊनच ये.

तुझाच