शून्याची दीडपट किती होते, मंत्रिमहोदय?

प्रति,
मा. परिवहन मंत्री, मध्य प्रदेश शासन,
वल्लभ भवन, भोपाळ.

विषय : इंदूर–पुणे बसभाडे आणि आपले आश्वासन

महोदय,
सविनय नमस्कार.

दिवाळी तोंडावर आली की एरवी हजार-बाराशेला मिळणारे इंदूर–पुणे एसी स्लीपरचे तिकीट तीन हजारांच्या पुढे जाते. गाडी तीच, चादर तीच, ढाब्यावरचा रात्रीचा थांबाही तोच. इंदूरच्या मराठी घरांतली निम्मी पोरे आज हिंजवडी-खराडीला नोकरीला आहेत. चौघांच्या कुटुंबाने सणाला येऊन-जाऊन केले तर चोवीस हजार रुपये नुसते बसवाल्याच्या गल्ल्यात पडतात. फराळ त्यानंतर.

या दुखण्यावर औषध आपल्याच सरकारने जाहीर केले होते. मुख्यमंत्री सुगम परिवहन सेवा, म्हणजे सरकारी देखरेखीतली बससेवा! 101 कोटी 20 लाखांच्या भागभांडवलासह मंत्रिमंडळाने तिला मंजुरी दिली ती 1 एप्रिल 2025 रोजी. तारीख पाहूनच आम्ही सावध व्हायला हवे होते. पुण्याला जाणारा माणूस अजून खासगी ट्रॅव्हल्सवाल्यांच्याच दारात उभा आहे.

मधल्या काळात स्वस्त बस कशी धरायची ते आम्ही स्वतःच शिकलो. आपल्या खात्याने यावर कधी पत्रक काढले नाही, म्हणून येथे लिहून देतो. खाली आपली सही घालून छापलेत तरी हरकत नाही.

मंगळवार-बुधवार सगळ्यात स्वस्त. शुक्रवारी रात्री पुण्याहून आणि रविवारी रात्री इंदूरहून निघणारी गाडी सगळ्यात महाग. वरची बर्थ बहुधा खालच्यापेक्षा शे-दीडशेने कमी पडते. शेवटची रांग त्याहून स्वस्त, आणि ती का स्वस्त हे सीट मॅपवर दिसत नाही. मागे इंजिन असलेल्या गाडीत ती इंजिनाच्या डोक्यावर, मागच्या चाकांच्याही पलीकडे असते. खालून ऊब येते आणि प्रत्येक खड्डा आधी कमरेला कळतो.

अ‍ॅपवरचा भाव हा भाव नसतो. शेवटच्या पानावर 5 टक्के जीएसटी चढतो, विम्याची टिक आधीच करून ठेवलेली असते आणि ‘फ्री कॅन्सलेशन’ नावाच्या फुकट गोष्टीचे वेगळे पैसे लागतात. दोन्ही टिका काढायच्या, तेही वरचे घड्याळ उलटे धावत असताना. नॉन-एसी गाडीचे तिकीट ट्रॅव्हल्सच्या खिडकीवर घेतले तर जीएसटी नाही. तेच अ‍ॅपवर घेतले तर 1 जानेवारी 2022 पासून 5 टक्के. म्हणून गाडी अ‍ॅपवर पाहायची आणि भाव ऑफिसात फोन लावून विचारायचा.

मार्ग उतरायच्या थांब्यांवरून ओळखावा. यादीत आधी वाघोली-खराडी असेल तर गाडी मनमाड-शिर्डी-नगरवरून जाते. आधी चाकण-भोसरी असेल तर मालेगाव-नाशिकवरून. हडपसरला जाणाऱ्याने शंभर रुपये वाचतात म्हणून नाशिकची गाडी धरली, तर ते शंभर पहाटेचा रिक्षावाला घेतो, वर आणखी दोनशे. इकडेही तेच आहे. विजयनगरहून सुटलेली गाडी थांबत-थांबत राऊ गाठेपर्यंत तास घालवते. भाडे सारखेच असेल तर राऊलाच चढावे.

आणि खरोखर पैसे वाचवायचे असतील तर धुळ्यापर्यंत मिळेल त्या बसने जावे आणि पुढे महाराष्ट्राची एसटी पकडावी. मार्च 2023 पासून तिच्यात महिलांना अर्धे तिकीट आहे आणि ऑगस्ट 2022 पासून पंचाहत्तरीपुढच्यांना प्रवास मोफत आहे. दोन्ही सवलती महाराष्ट्राच्या हद्दीतच चालतात. म्हणजे आमच्या बायकांचा सन्मान सीमेवरचा बिजासनचा घाट उतरल्यावर सुरू होतो.

सुटण्याआधी गाडीचा नंबर एसएमएसने येतो. तो सरकारच्या एम-परिवहन अ‍ॅपवर टाकून फिटनेस आणि विम्याची मुदत पाहावी. नंबर नागालँडचा निघाला तर दचकू नये. तिथे कर कमी, म्हणून नोंदणी तिथली. गाडीने नागालँड पाहिलेले नसते. चालक किती आहेत हेही विचारावे. हा सहाशे किलोमीटरचा, बारा-तेरा तासांचा पल्ला आहे आणि 1961 च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने चालकाचे काम दिवसाला आठ तासांचे ठरवले होते. तिकीट फारच स्वस्त असेल तर पुष्कळदा त्यातून दुसरा चालकच वजा झालेला असतो.

आता सांगा, ही चौकशी प्रवाशाने करायची की आपल्या खात्याने?

या बहुतेक गाड्यांचा परवाना टुरिस्ट किंवा कॉन्ट्रॅक्ट कॅरेजचा असतो, म्हणजे अख्खी गाडी एका पार्टीला भाड्याने देण्याचा. प्रत्यक्षात सीट सुटी विकली जाते, जगजाहीर, मोबाइलवर. भाडे ठरवता येत नाही हे उत्तर कृपया देऊ नका. 1988 च्या मोटार वाहन कायद्याचे कलम 67 राज्याला कमाल भाडे ठरवण्याचा अधिकार देते आणि त्यात कॉन्ट्रॅक्ट कॅरेज शब्दानिशी आहे. महाराष्ट्राने 27 एप्रिल 2018 च्या शासन निर्णयाने सांगून टाकले की खासगी बसने एसटीच्या भाड्याच्या दीडपटीपेक्षा जास्त घेऊ नये. तिथेही लूट होते, पण निदान तक्रार करायला आकडा आहे. आमच्याकडे दीडपट करायची कशाची? राज्याचे परिवहन महामंडळ 2005 मध्येच गुंडाळले. शून्याची दीडपट शून्य.

महामंडळ तोट्यात होते, मान्य. पण त्याच 2005 मध्ये इंदुरात सिटी बसची कंपनी उभी राहिली आणि ती आजही चालते आहे. म्हणजे जमत नव्हते असे नाही, करायचे नव्हते. खात्याला इतर कामे होती. 1 जुलै 2024 पासून आपण सीमेवरची चेकपोस्ट बंद केली तेव्हा आम्ही टाळ्या वाजवल्या. त्याच डिसेंबरात भोपाळजवळ मेंडोरीच्या रानात उभ्या इनोव्हात 52 किलो सोने आणि सुमारे 11 कोटींची रोकड सापडली आणि नाव पुढे आले ते परिवहन खात्याच्या एका माजी आरक्षकाचे, म्हणजे शिपायाचे. मंत्री नाही, आयुक्त नाही, आरक्षक! मग आम्हाला तीन हजारांच्या तिकिटाची पावती मागायचीही लाज वाटू लागली.

इंदूरच्या ज्या सरवटे स्टँडवरून आपण विकासाचे फोटो काढता, ते नाव संविधान सभेत बसलेल्या तात्यासाहेब सरवट्यांचे आहे. निदान तेवढ्यासाठी त्या स्टँडवर एक फलक लावा. इंदूर ते पुणे, इंदूर ते नाशिक, इंदूर ते नागपूर : नॉन-एसी किती, एसी सीट किती, स्लीपर किती, सणासुदीत कमाल किती. खाली तक्रारीचा एक नंबर, जो कुणीतरी उचलतो. कलम 67 खाली एक अधिसूचना, बाकी काही नको. फलकाचा खर्च आम्ही रंगाऱ्याला विचारून कळवतो. 101 कोटी लागणार नाहीत.

आपले,
इंदूरचे मराठी प्रवासी