गेमिंग ग्रुप : माइकवरच्या थट्टेबद्दल

मंडळी, रविवारी रात्री बीजीएमआयच्या (पबजी मोबाइल या लढाईच्या गेमची भारतातली आवृत्ती) चौघांच्या स्क्वाडमध्ये आपल्यातल्या एकाने ऐन शेवटच्या झोनमध्ये माइकवर आरती लावली. चौथा गडी अनोळखी. "भैया, बंद करो, कदमों की आवाज नहीं आ रही," एवढंच तो म्हणाला. त्यावर आपल्या पोरांनी नमाजाची नक्कल केली. हे चालणार नाही.

पबजी मोबाइलमध्ये २०२० साली मूर्तीपुढे वाकण्याचा भाग आला होता. आखाती देशांतून आक्षेप आले आणि कंपनीला तो काढावा लागला.

राजवाड्यावर पोहे खाताना आपण आपल्याच देवांवर हसतो, ते खुशाल हसा. अनोळखी लॉबीत नको. श्रद्धेबद्दल कोणी विचारलं तर जरूर सांगा, पण मॅच संपल्यावर.

पुन्हा झालं तर महिनाभर ग्रुपबाहेर. गणपतीतल्या सामन्यांसाठी नावं शनिवारपर्यंत द्या.