खिळ्याला बांधलेली पेन्सिल

सिस्टर,
सप्रेम नमस्कार.

श्रावणात तुम्ही आमच्या चाळीत आलात, तेव्हा आधी फाइल मागितली नाहीत. भिंतीवरचं कालनिर्णय खाली उतरवलंत आणि विचारलंत, "शेवटची पाळी वटपौर्णिमेच्या आधी की नंतर?" तारीख कुणालाच आठवत नव्हती. पण त्या दिवशी सुनेला वडाकडे जाता आलं नव्हतं, हे सासूबाईंना पक्कं ठाऊक होतं. मग पान सापडलं: १० जून २०२५, मंगळवार. त्याला तुम्ही गोल केलात आणि पुढच्या प्रत्येक मंगळवारच्या कोपऱ्यात आठवड्याचा आकडा घातलात. डिसेंबर संपल्यावरचे आठवडे शेवटच्या पानाच्या मागे लिहिलेत. जाताना पिशवीतली पेन्सिल काढून कॅलेंडरच्या खिळ्याला दोऱ्याने बांधलीत. या पत्राचं निमित्त ती पेन्सिल आहे.

त्याआधी दोन ठिकाणी दाखवून झालं होतं. एका चिठ्ठीवर नुसतं "दीड महिना", तेही कधीपासून मोजलेला ते न लिहिता. दुसरीकडे गुळगुळीत कागदाची गुलाबी डायरी मिळाली. पोटाच्या फोटोंना जागा, बाळाच्या नावांना चार पानं, रक्तदाबाला एक रकाना नाही! मोबाइलवरचं ॲप दर आठवड्याला बाळ कोणत्या फळाएवढं झालं ते सांगतं, त्यातली निम्मी फळं लालबागच्या बाजारात कुणी पाहिलेली नाहीत.

घोळ होतो तो मोजणीत. घरची माणसं पाळी चुकली तिथपासून मोजतात, दवाखाना शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून. दोन्हींत चार आठवड्यांचा फरक. गणेशचतुर्थी २७ ऑगस्टला होती. घरच्या हिशेबाने तेव्हा दोन महिनेही भरले नव्हते, तुमच्या हिशेबाने अकरा आठवडे आणि एक दिवस झाला होता. एनटी स्कॅन, म्हणजे बाळाच्या मानेमागच्या पाण्याच्या थराची जाडी मोजणारी सोनोग्राफी, ११ आठवड्यांपासून १३ आठवडे ६ दिवसांपर्यंतच होतं, म्हणजे २६ ऑगस्ट ते १५ सप्टेंबर. आता गावी गणपती, मग पितृपंधरवडा, "नवरात्रात बघू" असं ठरलं असतं, तर २२ सप्टेंबरला घटस्थापनेच्या दिवशी पंधरावा आठवडा संपत आलेला असता. तुम्ही त्या तीन आठवड्यांभोवती चौकट काढलीत आणि कोकणात जायच्या आदल्या दिवसाची वेळ घ्यायला लावलीत. पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीचंही तसंच. १८ ते २० आठवडे म्हणजे १४ ते २८ ऑक्टोबर, ऐन दिवाळी, अर्धी सेंटरं बंद. ती चौकटही तुम्ही श्रावणातच काढून ठेवलीत.

पेन्सिलच का, हे तेव्हा कळलं नव्हतं. पहिल्या दिवसात सात दिवस मिळवून नऊ महिने पुढे जायचं, की १७ मार्च, म्हणजे २८० दिवस. डॉक्टर याला नेगेलेचा नियम म्हणतात. (आजीचे "नऊ महिने नऊ दिवस" त्याच्यापासून दोनच दिवस लांब आहेत, आजीला उगाच हसू नये.) पण हा हिशेब २८ दिवसांच्या पाळीचा. पाळी ३५ दिवसांनी येत असेल तर बाळंतपणाची तारीख आठवडाभर पुढे जाते. एनटीच्या वेळी मोजलेल्या बाळाच्या लांबीवरून सात दिवसांपेक्षा जास्त फरक निघाला, तर सोनोग्राफीची तारीख धरायची आणि सगळे आकडे खोडून नव्याने लिहायचे. एकदाच. त्यानंतर पेन. आठव्या-नवव्या महिन्याच्या रिपोर्टवर मशीन नवी तारीख छापतं आणि घरात धावपळ सुरू होते. तेव्हाच्या मापात दोन-तीन आठवड्यांची चूक सहज असते, त्यावरून कॅलेंडर बदलायचं नाही.

बाकीच्या खुणा त्याच चौकटीत, दुधाच्या लिटरांशेजारी. लोहाच्या लाल गोळीला उभी रेघ, कॅल्शियमच्या दोन गोळ्यांना दोन टिंबं. लोह आणि कॅल्शियम एकत्र घेतलं तर लोह अंगी लागत नाही, म्हणून मध्ये दोन तास, आणि लोहावर चहा नाही. शौचाला काळं होतं म्हणून बायका गोळी गुपचूप बंद करतात. तोंडाने कुणी कबूल करत नाही, महिन्याअखेर रेघा मोजल्या की कळतं. रक्तदाब तपासणीच्या दिवशी, १४०/९० किंवा वर गेला तर लाल गोल, आणि सोबत डोकं ठणकलं किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली तर त्याच दिवशी दवाखाना. २४ ते २८ आठवड्यांत ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी साखर, १४० च्या आत हवी. हेच दिवस डोहाळजेवणाचे. ती तारीख प्रत्येक घरी ठळक लिहिलेली असते, साखरेची कुठेच नसते.

अठ्ठाविसाव्या आठवड्यापासून रोज जेवणानंतर डाव्या कुशीवर पडून बाळाच्या हालचाली मोजायच्या आणि दहा व्हायला किती मिनिटं लागली तेवढंच लिहायचं. नेहमी वीस-पंचवीस लागतात आणि आज तासावर गेलं, हे आठवणीवर सोडलं तर लक्षात येत नाही, आकडे शेजारी शेजारी असले की डोळ्यांना दिसतं. दोन तासांत दहा झाल्या नाहीत तर सकाळची वाट पाहायची नाही.

एक गोष्ट मात्र तुमच्याही ध्यानात राहिली नसावी. जानेवारीत नवं कॅलेंडर आलं आणि जुनं रद्दीत निघालं होतं, सगळ्या नोंदींसकट! आता ते नव्याच्या मागे त्याच खिळ्याला आहे. पुढच्या घरी आधीच सांगून ठेवा.

दिवसाला इतक्या घरांचे जिने चढणारं माणूस सहसा रजिस्टर भरतं आणि निघतं, त्याला नावं ठेवता येत नाहीत. तुम्ही खाली बसून पानं उलटलीत, सणांवरून विचारलंत, आणि दिवस आठवत नाही म्हणून कुणाला ओशाळं केलं नाहीत.

पेन्सिल आता बोटाएवढी उरली आहे आणि खालच्या माळ्यावर गेली आहे. तिथे पाळी पाडव्याच्या आधी आली की नंतर, यावर सासूसुनेचं जमत नाहीये. पुढच्या फेरीला जरा लवकर या.

आपल्या,
चाळीतल्या बायका